जंतूंचा डगला, माझा कोट

४ ऑक्टोबर, नागासाकी
उद्यापासून नियमित जीवन. पहाटे धावणे. सिगारेट बंद. रविवारी बोटीने फुकुए बेटावर, आईकडे.

आधी जंतू मारायचे. निद्रारोगाचे आहेत, प्रथिनांचा डगला घालून रक्तात हिंडतात. डगल्याचा प्रत्येक रेणू पेशीच्या पडद्यात एका खुंटीने रोवलेला: खाली चरबी, वर साखरेचे मणी. एकेक एन्झाइम एकेक मणी ओवतं. माझं औषध पहिल्या मण्यालाच अडवतं. खुंटी नाही, डगला नाही, खेळ खलास. दोन दिवसांत सगळे मरतील.

८ ऑक्टोबर
मेले नाहीत. डोस वाढवला. त्यामुळे बेटावर जाणं राहिलं. (धावणंही.)

आईला फोनवर खुंटी समजावली. म्हणाली, म्हणजे बटणच की रे! जन्मभर शिवणकाम केलेली बाई. मग विचारलं, तुझ्या काळ्या कोटाचं बटण लावलंस का? म्हटलं, येतोय ना, तूच लाव. थोडी खोकत होती. आवाज ठणठणीत.

१५ ऑक्टोबर
मित्सुएताईचा फोन. म्हणे, तेत्सु, आई जेवत नाही, ये. ताईला पहिल्यापासून राईचा पर्वत करायची सवय. कालच आईकडून रताळ्याचे मोची आलेत, तांदळाचे ते चिकट गोड गोळे. आजारी माणूस मोची करतं का? (सगळे संपवले. डाएट उद्यापासून.)

२१ ऑक्टोबर
प्रयोगात मेलेल्या उंदरांचा वार्षिक स्मृतिदिन. भिक्षूंचं सूत्रपठण, पांढरी शेवंती. मी एकदाही चुकवलेला नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख हिराबारु सर, त्यांनी विचारलं, कोटाचं बटण कुठंय? म्हटलं, गावी लावून घेणार आहे. फूल वाहताना डोळे भरून आले. मी मुळातच हळवा.

२५ ऑक्टोबर
जंतू वाढलेत. सर म्हणाले, औषध मानवलेलं दिसतंय त्यांना. ताईचा फोन आला होता, हातात काम होतं म्हणून घेतला नाही. उद्याचं तिकीट पुढच्या रविवारचं करून घेतलं. आणखी एकच डोस. जंतू मेल्याचं आईला समोर बसूनच सांगेन.

३१ ऑक्टोबर
आई रविवारी गेली. मी तिकीट बदललं नसतं तर माझी बोट लागायची त्याच सुमाराला.

उशाशी सुई होती, काळा दोरा ओवलेली, शेजारी बटण. ताई म्हणाली, तिला दिसत नव्हतं, माझ्याकडून ओवून घेतली. मोचीही मीच केले, ती पडल्या पडल्या सांगत होती, त्याला गोड जास्त लागतं. ताई एका शब्दाने रागावली नाही. रागावायला हवी होती.

बटण मीच लावलं. अंत्यविधीचं सूत्रपठण चालू असताना तुटून घरंगळत गेलं. सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

आज प्रयोगशाळेत आलो. सूक्ष्मदर्शकात पाहिलं. सगळे जिवंत आहेत. डगले जागच्या जागी.