पप्पा प्रभुभोजनाला उठेनात

पप्पा,

परवा चर्चच्या मराठी उपासनेत मला बोलायला सांगितलं होतं. विश्वास नुसता तोंडात नको, वागण्यात हवा, असं काहीतरी मी बोलले आणि उदाहरण म्हणून तुमची गोष्ट सांगितली. दोघीतिघींनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी शाबासकी दिली. घरी आल्यापासून मात्र माझं डोकं जागेवर नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं, आणि तुम्ही नेहमीसारखं 'आधी चहा टाक' म्हणाला असतात.

नव्वदच्या दशकातलं आपलं जयनगरचं घर. आपण वर राहायचो, घरमालकीण अक्का खाली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी निम्मी कन्नड झालेली, माणसं मात्र जीव लावणारी. मी तेव्हा कॉलेजात, तरुण संघात साक्ष द्यायला सगळ्यांच्या पुढे. तुम्ही कारखान्यातून यायचात, अक्कांचा गळका नळ दुरुस्त करून द्यायचात, आणि प्रार्थना करा म्हटलं की दोन वाक्यांत आमेन. मला तुमची लाज वाटायची, हे लिहूनच टाकते. गणपतीच्या दिवशी अक्का ताटलीत कडबू घेऊन वर आल्या. "स्वल्प घे गं, खोबऱ्याचं सारण घातलंय," म्हणाल्या. मूर्तीपुढचं आम्ही खात नाही, हे मी सांगितलंच, वर तुम्ही अंधारात आहात असंही सुनावलं, आणि दार लावून घेतलं. आईपेक्षा मोठ्या बाईला! संध्याकाळी हे आईकडून कळल्यावर तुम्ही बूटसुद्धा काढले नाहीत. "खायचं नव्हतं तर नाही खायचं. दार कशाला लावलंस? जा, माफी मागून ये." मी गेले नाही. खरं बोलल्याची माफी कसली, असा माझा ताठा.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला अख्खी रांग उठून पुढे गेली आणि तुम्ही बाकावर बसून राहिलात. मग त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि त्याच्याही पुढच्या. आपली मंडळी ती केवढीशी, कुजबूज व्हायला कितीसा वेळ लागतो? आई रडकुंडीला आली. "दुखवलं मी, मग तुम्ही का बसून राहता?" मी चिडून विचारलं. तुम्ही स्वयंपाकघरात कांदा चिरत होतात. मान वर न करता म्हणालात, "घर माझं आहे ना. खाली एक माणूस आपल्यावर नाराज असताना मी कुठल्या तोंडानं घेऊ?" शेवटी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली गेले, थोड्या वेळानं वर आले आणि सांगितलं, मागितली माफी. तुमचा चेहरा असा काही खुलला की बघवेना. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला तुम्ही सगळ्यांच्या आधी उठलात.

परवा मी गोष्ट इथंच संपवली. खरं असं, की मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. अक्कांचं दार उघडंच होतं, आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. चार पावलं जायचं होतं, तेवढं जमलं नाही. वर येऊन खोटं बोलायला मात्र जमलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही अचानक गेलात. तुम्हाला माती देऊन आम्ही परत आलो तेव्हा अक्का वर आल्या, माझा हात धरून बसल्या. "नाताळला तुझे पप्पा आले होते. पोरीला माफ केलंत, फार बरं वाटलं, म्हणाले. मी सरी, सरी, बरं बरं म्हटलं. आणि काय म्हणू?" ज्या बाईला मी दारातून परत पाठवलं होतं तिनं मला तुमच्यासमोर सांभाळून घेतलं होतं. मी चहा टाकायला उठले. तेव्हापासून मी गोंधळलेलीच आहे, पप्पा. माझ्या खोट्यावर विसंबून तुम्ही तो प्याला ओठाला लावलात, ते चाललं का? की तुम्हाला सगळं कळलं होतं आणि म्हणूनच तुम्ही स्वतः खाली गेलात? अक्का तुमच्याशी खोटं बोलल्या असं तरी कसं म्हणू? इतकी वर्षं वचनं पाठ म्हणते, पण यातलं एकही कोडं मला सुटत नाही.

अक्का अजून जयनगरलाच असतात. तुम्हाला मी एवढं लांबलचक लिहिलं, कारण तुम्ही आता काही म्हणणार नाही. त्यांच्याकडे जायची माझी अजून हिंमत होत नाही.