गोडादऱ्यातील शाळेच्या ‘शांत खोली’ची कडी काढून टाकण्याबाबत

दिनांक : १२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

प्रति,
मा. शाळा निरीक्षक साहेब,
मराठी माध्यम विभाग,
सुरत.

विषय : उदयप्रभा मराठी प्राथमिक विद्यालय, गोडादरा येथे मुलांना बांधून व कोंडून ठेवण्याची पद्धत तातडीने बंद करणे व सोमवारी सुरू होणारी दुसरी खोली उघडू न देणे.

संदर्भ : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, कलम १७.

महोदय,

मी खाली सही करणार, सौ. वृषाली बुद्धभूषण तायडे, राहणार गोडादरा, आपणांस नम्रपणे कळवते की, माझे पती पांडेसऱ्यातील एका डाइंग मिलमध्ये कामाला आहेत व मी घरी साड्यांना लेस लावते. माझे शिक्षण भुसावळला बारावीपर्यंत झाले. गुजराती बोलता येते, पण लिहिताना चुका होतात, म्हणून अर्ज मराठीत करीत आहे. काही शब्द अर्जाला शोभणारे नसतील तर माफी असावी.

१) माझी मुलगी मयुरी आठ वर्षांची असून तिसरीत आहे. ती स्वमग्न आहे, असे सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितलेले आहे. ती सुटे सुटे शब्द बोलते. ‘पाणी’, ‘पप्पा’, ‘नको’. आवाज फार झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडते, आणि तेव्हा कोणी धरले तर चावतेसुद्धा. ही गोष्ट मी लपवत नाही. पहिली दोन वर्षे शाळेने तिला सांभाळून घेतले. ती ओरडू लागली की वर्गशिक्षिका तिला व्हरांड्यातल्या नळाशी नेऊन उभी करीत. पाण्याखाली हात धरला की ती आपोआप शांत होई आणि स्वतःच वर्गात परत येई. त्यात कुणाचे काही बिघडल्याचे आम्हाला कोणी कळवले नाही.

२) जूनमध्ये शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या. जिन्याखाली खेळाचे सामान ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी रिकामी करून घेतली. खिडकीला आतून प्लायवूड मारले आणि दारावर ‘शांत खोली’ अशी पाटी लावली. कडी बाहेरून आहे. हे सर्व मला फार उशिरा कळले.

कळले ते असे. मयुरीच्या मनगटांवर लाल वळ दिसायचे. मला वाटले, बांगड्या घट्ट झाल्या असतील, म्हणून मी त्या काढून ठेवल्या. वळ राहिलेच. मग एका सकाळी घरात कुकरची शिट्टी झाली. एरवी तिने कान धरून घर डोक्यावर घेतले असते. त्या दिवशी ती ओरडली नाही. तिने दोन्ही हात मागे नेले, चालत मोरीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी हाक मारली, हात धरून ओढले, पण उठेना. शेवटी काय करावे ते न सुचून मी मोरीच्या दारावर तळहात आपटला. तशी ती ताडकन उठली, बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सॉरी मॅडम.”

साहेब, माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा दोन शब्द जोडून म्हटले ते हे. डॉक्टर म्हणाले होते, ती एक दिवस दोन शब्द जोडेल, तेव्हा आम्हाला कळवा. मी अजून कळवलेले नाही.

३) मी त्याच दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, “ताई, आम्ही मुलांना मारत नाही. बोटसुद्धा लावत नाही. फक्त बसवतो. चला, तुम्हाला दाखवते, लपवण्यासारखं आहे काय?” त्या मला जिन्याखाली घेऊन गेल्या. आत एक लाकडी खुर्ची होती व तिच्या दोन्ही हातांना ओढण्या बांधलेल्या होत्या. एक ओढणी मयुरीचीच होती. पावसात डोक्याला गुंडाळायला मी तिच्या दप्तरात ठेवली होती ती.

मी म्हटले, “मला आत बसवून दार लावा.” त्या हसल्या, म्हणाल्या, “तुम्ही लहान आहात का?” पण मी जाऊन बसले आणि त्यांनी कडी लावली.

आत किती वेळ होते ते मला सांगता येणार नाही. अंधाराची मला भीती नाही. पण बाहेर कोणी चालत गेले की वाटे, आता उघडतील, आणि पावले जिन्याने वर निघून जात. थोड्या वेळाने मी श्वास हळू घेऊ लागले, कारण मला वाटू लागले की आवाज केला तर आणखी उशीर होईल. तसे मला कोणी सांगितले नव्हते. दार उघडून बाई म्हणाल्या, “पाहिलंत? काही होतं का?” आणि माझ्या तोंडून निघून गेले, “नाही, मॅडम.”

४) आमच्या विहारात रविवारी वकील कविताताई येतात. त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. वर दिलेल्या कलमाप्रमाणे कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. मुलाला शाळेतल्या बंद जागेत अडकवून ठेवणे ही शिक्षाच आहे, असे बालहक्क आयोगाच्या सूचनांत आहे, असेही त्या म्हणाल्या. तसा अर्ज मी शाळेला दिला. मुख्याध्यापिका बाईंनी तो माझ्यासमोर शांतपणे वाचला व म्हणाल्या, “बरोबर आहे. शिक्षेला बंदीच आहे. पण ही शिक्षा नाही, हा उपाय आहे. उपायाला बंदी कुठे लिहिली आहे, तेवढं दाखवा.”

मी दाखवू शकले नाही, म्हणून हा अर्ज आपल्याकडे आणला आहे. दाराला बाहेरून कडी, मुलाच्या हाताला गाठ आणि आत मोठे माणूस कोणी नाही, याला कायद्यात कोणता शब्द आहे ते आपण शाळेला लेखी कळवावे, ही विनंती.

५) दिवाळीनंतर मी मयुरीला शाळेत पाठवलेले नाही. त्यामुळे माझी तक्रार मिटली, असे कोणी आपणांस सांगेल. परंतु पुढचा प्रकार माझ्या मुलीपुरता राहिलेला नाही.

आमच्या शेजारच्या कलाबाईंचा चेतन धडधाकट मुलगा आहे, फक्त बडबड्या. त्याला वर्गात बोलला म्हणून आत बसवले. नंतर गृहपाठ राहिला म्हणून एका मुलीला, प्रार्थनेत हसू आले म्हणून दोघांना. मी कलाबाईंना विचारले, तुम्ही काही बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, “अगं, उलट बरं झालं. आता घरातही एका हाकेत ऐकतो. पूर्वी किती डोकं खायचा.” चेतन आमच्या ओट्यावर बसून पतंगाची गोष्ट तासभर सांगायचा. आता मी विचारले तर मान हलवतो.

गल्लीत मुलींनी एक खेळ काढला आहे. सगळ्यांत लहान मुलीला जिन्याखाली बसवायचे, पुढे फळी लावायची आणि सगळ्यांनी गप्प उभे राहायचे. मग एकीने फळीवर तळहात आपटायचा. आतून “सॉरी मॅडम” आले की पाळी बदलते. आवाज रडका असला तर पाळी बदलत नाही. पुन्हा बसावे लागते.

गेल्या आठवड्यात मी मधल्या सुट्टीत शाळेवरून जात होते. आपण या भागात आला असाल तर आपणांस माहीत असेल, मागच्या बाजूला लूमचे कारखाने आहेत. पण मधल्या सुट्टीत पोरांच्या कालव्यापुढे लूम कधी ऐकू येत नसे. त्या दिवशी मी फाटकाशी थांबले. मुले मैदानात होती, डबे उघडलेले होते, आणि मला लूम ऐकू येत होते.

६) शनिवारी पालकसभा झाली. एक खोली पुरत नाही, म्हणून सामानघराची दुसरी खोली तयार होत असून ती सोमवार, १५ डिसेंबरपासून सुरू होईल, असे मुख्याध्यापिका बाईंनी जाहीर केले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले व विचारले, “आत मुलाला फीट आली, उलटी झाली, तर बाहेर कुणाला कळणार?” मागून एक गृहस्थ म्हणाले, “बेन, तुमच्याच मुलीसाठी खोली झाली. आमच्या मुलांना फायदा होतोय तर तुम्हाला का त्रास?” सगळे हसले नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. काही बायका खाली बघत होत्या. पण उठले कोणीच नाही, आणि मीही मग खाली बसले.

७) काल दुपारी सरलाबाई आमच्या घरी आल्या. शाळेत त्या मदतनीस आहेत आणि खोलीच्या दाराशी त्याच बसतात. मी त्यांना घरात घेणार नव्हते. पण मयुरी त्यांना बघून पळाली नाही, उलट त्यांच्या मांडीला टेकून बसली, म्हणून मी पाणी दिले. त्या चलथाणला मुलाकडे राहायला चालल्या आहेत. मुख्याध्यापिका बाईंचा निरोप घेऊन आल्या होत्या. निरोप असा की, सोमवारपासून दोन्ही खोल्यांच्या दाराशी बसायचे काम मी घ्यावे. “ज्यांची तक्रार आहे त्यांनीच लक्ष ठेवावं, म्हणजे काही गैर होणार नाही,” असे बाई म्हणाल्या आहेत. मयुरीलाही परत वर्गात घेतील.

मला राग आला. मी सरलाबाईंना म्हटले, “तुम्ही स्वतः आई आहात. तुमच्याकडून कडी लावली कशी जायची?” त्या बराच वेळ मयुरीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग जे बोलल्या ते त्यांच्याच अहिराणी शब्दांत लिहिते : “पहिल्या दिवशी माले घास उतरना नही. घर जाईसन रडनू. मंग सवय पडी गई. आते मी तठेच दारशी बशीसन भाजी निवडस.”

माझ्या मिस्टरांना हे सांगितले. मिलमधून आल्यावर त्यांचे हात रंगाने निळे असतात, ते धूत धूत म्हणाले, “तू बसलीस तर निदान पोरांना कोणी बांधणार नाही.” मी रात्रभर त्यावर विचार केला. मी नाही म्हटले तर दुसरी कोणीतरी बसेल. ती तिकडे बघणारही नाही. म्हणून आज सकाळी मी शाळेत जाऊन काम घेतले आहे.

८) सबब, मेहरबान साहेबांनी सोमवारी शाळा भरण्याच्या वेळी स्वतः येऊन दोन्ही खोल्या पाहाव्यात, दारांच्या कड्या काढून घ्याव्यात व शाळेला लेखी आदेश द्यावा की कोणत्याही मुलाला बांधू नये, एकटे कोंडू नये. एखादे मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करीत असेल तर तेवढ्यापुरते मोठ्या माणसाने जवळ राहून धरावे, शांत होताच सोडावे व त्याच दिवशी आईबापाला सांगावे. माझ्या मुलीसाठी व्हरांड्यातला नळ पुरत होता.

एक गोष्ट आपणांपासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. सोमवारी माझ्याकडे पहिले मूल आणतील, तेव्हा मी कडी लावणार नाही, हे मी लिहून देते. मंगळवारीही नाही. त्या आठवड्याचेही बहुधा लिहून देईन. मला ओरडतील, कामावरून काढायची भीती घालतील, मयुरीला पुन्हा घरी बसवू म्हणतील, तरी त्या आठवड्यात मी लावणार नाही. त्यापुढचे मात्र मला लिहून देता येत नाही. काल सरलाबाई गेल्यावर मी भाजी निवडायला बसले, आणि जुडी घेऊन कधी दाराशी जाऊन बसले ते माझे मलाच कळले नाही.

म्हणून आपण उशीर करू नये.

नम्रपणे व घाईने,
सौ. वृषाली बुद्धभूषण तायडे
गोडादरा, सुरत

सोबत : १) शाळेला दिलेल्या अर्जाची प्रत. २) मयुरीच्या डॉक्टरांचा दाखला. ३) मनगटांचा फोटो.