‘ओला कोळसा’च्या अल्बमचं जोरदार स्वागत

३ सप्टेंबर
अल्बम आज इंटरनेटवर चढला. नाव ‘पाच मिनिटांत येतो’. माझ्या टायरच्या दुकानावर हीच पाटी असते. लांबी एकावन्न मिनिटं. गिटार मी, ड्रम बेगलान, शिवाय दुकानातला हवा भरायचा कंप्रेसर. कीबोर्डवाला मे महिन्यात ‘जरा अस्तानाला जाऊन येतो’ म्हणून गेलाय. त्याच्या जागा रिकाम्या ठेवल्या. त्याच सगळ्यात प्रायोगिक झाल्यात.
कारागांदात, या कोळशाच्या शहरात, आमच्या ‘ओला कोळसा’सारखा बँड आजवर झाला नाही. शोल्पान म्हणाली, म्हणूनच लोक अजून टिकून आहेत इथे. बायको असूनही तिला माझ्या कलेचा अभिमान आहे.

४ सप्टेंबर
बेगलानने पेचात टाकलं. लग्नात वाजवणाऱ्या कुठल्याशा बँडला ड्रमर हवाय. दर शनिवारी काम, वर पोटभर जेवण. घरी त्याची बायको गरोदर. मला थोरला मानून अगा म्हणतो. म्हणाला, कुआनिश-अगा, अल्माटीचा तो समीक्षक आहे ना, सानझार, त्याचं परीक्षण येऊ दे. चांगलं आलं तर मी कुठे जात नाही. मी म्हणालो, मग तू कुठेच जात नाहीस. त्याचा चेहरा पडला. काहींचा आनंदानेही पडतो.

५ सप्टेंबर, सकाळी
संकल्प. रोज दोन तास रियाज. सिगारेट बंद. परीक्षण वाचायचं नाही, त्याने कलावंत फुगतो. लोक आपणहून सांगतील तेवढंच ऐकायचं.
दुपारी
सिगारेट उद्यापासून.

१२ सप्टेंबर
परीक्षण आलं! मेहुणा ताल्गात धापा टाकत दुकानात. दारातूनच ओरडला, सुयिन्शी, दाजी, सुयिन्शी! आता आनंदाची बातमी आणणाऱ्याने सुयिन्शी मागितली की त्याच्या हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. माझ्या जन्माच्या बातमीला आजोबांनी शिंगरू दिलं होतं. मी डोक्यावरची नवी टोपी दिली. मग ताल्गात बोलला. सानझार लिहितो, ‘असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.’ मी विचारलं, पुढे? म्हणाला, पुढचं वाचायला थांबलो कुठे दाजी, पळतच सुटलो.
असा मेहुणा नशिबाने मिळतो.

१३ सप्टेंबर
तळमजल्यावरच्या राऊशान आपा आल्या. सुयिन्शी, बाळा. नातवाने फोनवर वाचून दाखवलं म्हणे: ‘ऐकून झाल्यावर बराच वेळ मी खुर्चीतून उठलो नाही.’ त्यांना विजेची किटली दिली. शोल्पानने विचारलं, आता चहा काय तुझ्या गिटारीत उकळू? मी कुठल्या उंचीवर, ही किटलीवर.
जाताना आपा जिन्यात तिला हळूच म्हणाल्या, आता बरं आहे ना त्या लिहिणाऱ्या पोराला? जुनी माणसं. भारावून जाणं त्यांना कळत नाही.

१७ सप्टेंबर
मोठा दिवस. बातमी गल्लीभर झाली. पाववाला आला: ‘अल्बममध्ये कंप्रेसर सगळ्यात सुरात आहे.’ खरंय, त्याच्यावर मी फार मेहनत घेतली होती. त्याच्या गाडीला हिवाळी टायर दिले, चारही. एक वाहतूक पोलीस आला: ‘हा अल्बम प्रत्येकाने एकदा ऐकावा.’ पुढे काही म्हणणार होता, पण त्याला अचानक रस्त्यावर काम निघालं. जॅक घेऊन गेला.
संकल्प. यापुढे छोट्या वस्तू.

१८ सप्टेंबर
सायकल दिली. तिचं एक पेडल तसंही नीट नव्हतं.

२१ सप्टेंबर
ही सगळी वाक्यं रंगाऱ्याकडून दुकानाच्या भिंतीवर लिहून घेतली. लिहिता लिहिता रंगारीही सुयिन्शी म्हणाला. हुशार माणूस.
बेगलान रोजच्यासारखा रियाजाला आला. भिंतीपुढे बराच वेळ उभा. मग विचारलं, अगा, तुम्ही स्वतः वाचलंत का ते? मी म्हणालो, मला गरज नाही. तो म्हणाला, त्यात माझ्याबद्दलही एक ओळ आहे. मी म्हणालो, असणारच, बँडमध्ये आहेस तू. मोठेपणा घेणाऱ्यातला मी नव्हे.

२५ सप्टेंबर, सकाळी
ताल्गात पुन्हा. नवं वाक्य सापडलं म्हणाला: ‘पुढच्या अल्बमची वाट पाहायची माझी कितीही तयारी आहे.’ त्याला हिवाळ्याचा कोट दिला. थंडी यायला अजून वेळ आहे.
अर्ध्या तासाने
शोल्पानने कोटाची रिकामी खुंटी पाहिली. बस म्हणाली. बसलो. तिने फोन काढून पूर्ण परीक्षण मोठ्याने वाचलं. सगळी वाक्यं त्यात होती. कोणीही खोटं बोललं नव्हतं, एवढं मान्य करायला हवं. ‘असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, उरलेल्या आयुष्यात ऐकू येऊ नये याची सोय केली आहे.’ खुर्चीत त्याला झोप लागली होती. प्रत्येकाने ऐकावा तो शांततेची किंमत कळावी म्हणून. आणि शेवटी: ‘ड्रमर मात्र खरा वादक आहे. कोणीतरी त्याला तिथून बाहेर काढा.’
शोल्पानने सुयिन्शी मागितली नाही.
तरी एक बाब. सानझारने दीड पान लिहिलंय. टाकाऊ गोष्टीवर कोणी दीड पान लिहितं?

२६ सप्टेंबर
बेगलानला परीक्षण कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. मग आठवलं, त्याने ते कधीच वाचलंय. वाचूनही रोज रियाजाला येत होता. का, ते विचारायचं ठरवलं. विचारलं नाही.

२८ सप्टेंबर
बेगलान आला. हातात घरी तळलेले गरम बाउरसाक, कणकेचे फुगलेले गोळे. दारातच उभा. मी म्हणालो, बोल. त्याने खाली बघत सांगितलं, सुयिन्शी, अगा. इतक्या हळू की कंप्रेसर बंद करावा लागला. लग्नाच्या बँडवाल्यांनी ती ओळ वाचली, उद्यापासून कायमचा ये म्हणाले.
बातमी चांगली होती. नाही म्हणायला जागाच नव्हती. दुकानात नजर फिरवली. ड्रम मीच घेतलेले. म्हणालो, घेऊन जा. तो म्हणाला, अगा, हे फार होतं. मी म्हणालो, बातमीच्या मानाने कमीच आहे. दोघांनी मिळून गाडीत चढवले.
बाउरसाक चांगले झाले होते. चार खाल्ले. बाकीचे घरी नेले.

२९ सप्टेंबर, शनिवार
दुसऱ्या अल्बमचं काम सोमवारपासून. शोल्पानने विचारलं, कोणाबरोबर? तपशील नंतर ठरतील.
संध्याकाळी टायर पोचवायला गेलो होतो. वाट जरा वाकडी करून लग्नाच्या हॉलवरून गेलो. आत नाच चालला होता. खिडकीशी थांबलो. एवढ्या गोंगाटातही ड्रम वेगळे कळत होते. म्हाताऱ्या बायकासुद्धा उठून नाचत होत्या.
पोरगा सुरेख वाजवतो. तीन वर्षं शेजारी बसून मला हे ऐकू आलं नव्हतं. मध्ये माझी गिटार होती.