घागरीतल्या लाटा

सोलापूर,
११ मार्च १९७३

तीर्थस्वरूप धोंडीरामदादांना रामहरी मास्तराचा शिरसाष्टांग नमस्कार. (कोणत्या तोंडाने करतो ते विचारू नका.) कुर्डुवाडीस सर्व मंडळी खुशाल असतील. तुमची जीभ आता मूळ रंगावर आली असेल अशी आशा करतो. इकडे माझे काही खरे नाही. वच्छलेला तुम्ही माहेरी घेऊन गेल्यापासून घरात भांड्याला भांडे लागत नाही, आणि ही शांतता खायला उठते.

घडले ते एकदा सांगू द्या. त्या दिवशी तुम्ही ऐकून घेण्यासारखे नव्हतात. नववीला लाटांचा पाठ घ्यायचा होता. लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी खालीवर होते, एवढी साधी गोष्ट. पण यंदा विहिरींना तळ दिसतोय आणि शाळेच्या पिंपात पाल मेलेली, पोरांना लाट दाखवायची कशात? म्हणून घरीच परातीत तालीम केली. खडा टाकला, तरंग काठापर्यंत गेले. पाणी हलत नाही हे दिसावे म्हणून मधोमध शाईचा थेंब सोडायला गेलो, तर दौतच कलंडली! एरवी मी ते पाणी मोरीत ओतले असते. पण दुष्काळात पाणी फेकायला हात धजेना हो. (हे वळण तुमच्याच बहिणीने लावलेले.) फरशी पुसायला होईल म्हणून रिकाम्या घागरीत ओतले आणि शाळेत निघून गेलो.

नेमके तेव्हाच तुम्ही लेकीच्या, बनीच्या सोयरिकीसाठी मैंदर्गीला जाताना वाटेत आलात. भाऊ आला या आनंदात वच्छलेने अंधाऱ्या स्वयंपाकघरात हाताला लागेल त्या घागरीतून पितळी तांब्या भरला आणि गूळ-पाणी पुढे केले. तुम्ही रीतीप्रमाणे तांब्याला ओठ न लावता वरून धार धरलीत. मिशा, नवा पांढरा सदरा, सगळे निळे. मैंदर्गीकर काय म्हणाले ते मला कोणी सांगितले नाही; परतताना तुम्ही बहिणीला घेऊन गेलात, त्यावरून समजलो.

आता पाण्याचे ऐका. आमच्या नळावरची रांग बायकांची. मी वच्छलेची घागर घेऊन उभा राहिलो. मागून कुणीतरी ढकलले, तो धक्का एकीवरून दुसरीवर करत थेट नळापर्यंत गेला आणि बाया मात्र होत्या तिथेच! दादा, पुस्तकातसुद्धा इतका स्वच्छ प्रयोग नाही. मी भान विसरून सगळ्यांना समजावून सांगू लागलो. शेजारच्या चन्नम्मा कडाडल्या, "मास्तर, तुमचं धक्कं शाळंत ठेवा की! हितं बायामानसं हायत." घागरीसकट मला रांगेबाहेर काढले. तेव्हापासून अंघोळ नाही. वर्गात पहिला बाक रिकामा असतो.

बनीच्या सोयरिकीत माझ्यामुळे खोडा पडला असेल तर मैंदर्गीला येऊन सर्वांसमक्ष शाईचे पाणी पिऊन दाखवीन. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
रामहरी

ता. क. वच्छलेला पाठवा. पत्र एवढ्यासाठीच लिहिले. पाण्यासाठी नव्हे; पाण्यावाचून माणूस राहतो, हे मी सिद्ध करीत आणले आहे.

ता. क. २. आज चन्नम्मांना दया आली. "वच्छलाक्काकडं बघून देते, तुमच्याकडं बघून न्हाय," म्हणत त्यांनी एक घागर भरून दिली. ती वच्छलेसाठी झाकून ठेवली आहे. घागरीला मी हातही लावलेला नाही, हे तिला आवर्जून सांगा.

ता. क. ३. हात लावला. झाकण काढून बघत बसलो होतो. खडा टाकलेला नाही, आईशप्पत. शेजारचे कापडाचे माग सुरू झाले की फरशी थरथरते आणि पाण्यावर आपोआप बारीक तरंग उठतात. संध्याकाळ कशी झाली कळले नाही, घरात दुसरे हलणारे काही नव्हते. आणि झाकण उघडे राहिल्याने घागरीत मागाचा कापूस पडला आहे. हे तिला सांगू नका.

नको, सांगाच. निदान भांडायला तरी येईल.