सेनापतीचा पत्ता

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ९.१०
नव्या वर्षाचा संकल्प: शांत राहायचं. बीपी आहे. बायकोने, शरयूने, देवासमोर शपथ घ्यायला लावली.
कारखान्यात पोचलो तर वजनकाट्याची पावती बंद. काल नवा राउटर बसवला, त्याने आपल्या सर्व्हरला नवा पत्ता दिला. सर्व्हरचं नाव सेनापती. मीच ठेवलेलं. आता काट्यावरचं मशीन सेनापतीचं नाव घेतं आणि जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतं. तिथे कुणी राहत नाही. किरकोळ काम. दहा मिनिटं.

सोमवार, दुपारी ४
राउटरमध्ये सेनापतीच्या नावापुढे नवा पत्ता लिहिला. मशीन तरी जुन्याच दारात. राउटरला दोन थपडा मारल्या. शांतपणे. एक अँटेना तुटला. दुसरा आहे.
बाहेर उसाच्या बावीस ट्रॉल्या.

मंगळवार, ६ जानेवारी
दोष केबलचा. एका ऊसतोड्याकडून कोयता मागून घेतला, तीन घावांत केबल तोडली. फार हलकं वाटलं. मंग कळलं, ती कॅमेऱ्यांची होती. म्हणजे पुरावा नाही. बरंच झालं.
काट्यावरचा भुजंग विचारतो, "साहेब, पावत्या हातानं लिहू का?" मी जिवंत असेपर्यंत नाही, म्हणालो. तो म्हणाला, "बराबर हाये. भायेर लोकं तेच ठरवून राह्यलेत."

बुधवार, ७ जानेवारी
इंटरनेटचा लाइनवाला राधेश्याम जालन्याहून आल्ता. म्हणे, "मेरी लाइन बराबर है, साब." कॉलर धरली. त्याने माझी धरली. त्याचे हात लांब आहेत, हे आधी बघायला हवं होतं. चष्मा गेला. नैतिक विजय माझा.
दुपारी खिडकीतून ऊस आत आला. काच न उघडता.
संध्याकाळी एमडी अण्णासाहेबांनी बोलावलं. "जगन्नाथराव, शनिवारी सकाळपर्यंत पावती न्हाई निघाली तर सिस्टिम आकांक्षाकडे, अन् तुम्ही बारदानाच्या गोडाऊनला." आकांक्षा म्हणजे ऑफिसातली नवी ऑपरेटर. तिची नोकरी सहा महिन्यांची. माझी एकोणीस वर्षांची.

गुरुवार, ८ जानेवारी
सापडलं! आकांक्षाच्या नव्या कॉम्प्युटरवर सेनापती पहिल्या हाकेला ओ देतो. काट्यावरच्या जुन्या मशीनवर नाही. म्हणजे घातपात.
तिला दरडावलं. ती म्हणाली, "सर, जुन्या मशीनच्या आत एक फाइल असते. तिच्यात कुणी पत्ता हातानं लिहून ठेवला असंल तर मशीन राउटरला विचारतच न्हाई. उघडून बघू?" खबरदार, म्हणालो. माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. (नंतर वाटलं, हा मुद्दा मलाच सुचत होता. ती आधी बोलली, एवढंच.)
जेवणाच्या सुट्टीत सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं: ज्याने हे करून ठेवलंय त्याचा उजवा हात मोडीन. पंजापासून कोपरापर्यंत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वचक बसला.

शुक्रवार, ९ जानेवारी. संध्याकाळी ६
सेनापतीला शेवटची संधी. नाव टाकलं. जुनाच पत्ता. ज्या लोखंडी कपाटात तो बसतो, त्या कपाटावर सगळी ताकद लावून बुक्की हाणली. कपाट मजबूत निघालं. खरेदी माझीच.

शनिवार, १० जानेवारी. डाव्या हाताने
अक्षर असं का, तर उजवा प्लास्टरमध्ये.
दवाखान्यातून थेट कारखान्यात. आकांक्षाने काट्याच्या मशीनमधली ती फाइल उघडली होती. भोवती अण्णासाहेब, भुजंग, मागे ट्रॉलीवाले. आत एकच ओळ: सेनापती, जुना पत्ता. तिच्याखाली सूचना: "ही ओळ काढू नये. हुकमावरून, जगन्नाथ, सिस्टिम इनचार्ज, २०१८."
असेल. आठ वर्षांत माणूस काय काय लिहितो.
तिने ओळ पुसली. पावती निघाली. ट्रॉलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून गोडाऊन.
सगळे पांगले तरी भुजंग माझं प्लास्टर निरखत उभाच. म्हणाला, "साहेब शब्दाला पक्के. कोपरापर्यंत म्हणले व्हते, बराबर कोपरापर्यंतच."