निरोगी माणूस क्रमांक सात

५ जानेवारी
नवं वर्ष, नवी वही. संकल्प: १) सकाळी पाऊण तास चालणे. २) मीठ निम्मं. ३) यंदा संशोधनाचा पेपर छापून आणणे आणि काही लोकांची तोंडं कायमची बंद करणे. तिसरा आधी.

विषय माझा नेहमीचा: मीठ, हाय बीपी आणि किडनी. साठ पेशंट आणि तुलनेसाठी वीस ठणठणीत माणसं. या ठणठणीतांना आम्ही कंट्रोल म्हणतो. दर चार महिन्यांनी सगळ्यांचं रक्त, असं तीनदा. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. कुणाचा कुठला नंबर हे बंद पाकिटात, आणि पाकीट विभागप्रमुखाच्या कपाटात. शेवटपर्यंत उघडायचं नाही. कुणी सोयीनं निकाल फिरवायला नको म्हणून हा नियम. नियम माझा.

विभागप्रमुख म्हणजे धाकटा, वयानं लहान म्हणून मी त्याला हेच म्हणतो. माझाच विद्यार्थी. याला बीपी मोजायला मी शिकवलं. त्या खुर्चीवर कोण बसायला हवं होतं हे इथल्या शिपायालाही ठाऊक आहे. असो.

९ जानेवारी
कंट्रोल म्हणून एकोणीसच जण मिळाले, सगळे इथलाच स्टाफ. विसावा मिळेना. सुई म्हटली की एकेकाला कामं आठवतात. शेवटी मीच बाही वर केली.

लॅबवाल्या बाई बावीस वर्षं इथं रक्त काढतायत. म्हणाल्या, सर, फॉर्मवर बीपीचा आकडा लागतो, मोजू का? मी म्हटलं, बाई, मी या विषयावर पुस्तकात धडा लिहिलाय. फॉर्म स्वतः भरला. बीपी: नॉर्मल. नेहमीची औषधं: नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरची सही: तीही माझीच. दोन मिनिटांत काम झालं.

संध्याकाळी डोकं ठणकलं. एक गोळी घेतली. रोजचीच आहे, तिला काही औषध म्हणत नाहीत.

१४ जानेवारी
हिनं बाजारातून बीपीचं मशीन आणलं. माझ्याच दंडाला गुंडाळलं. १६४/१०२. मशीन बिघडलेलं आहे. दुकानदाराला परत करायला लावलं.

२० जानेवारी
दुसरं मशीन. १६८/१०४. एकाच कंपनीचा माल, दुसरं काय होणार. हिला म्हटलं, रोज सकाळी मोज, महिन्याभरात याचा खोटेपणा आपोआप उघडा पडेल. ही बरं म्हणाली. हल्ली ही फार पटकन बरं म्हणते.

चालणं सुरू नाही. बूट नाहीत.

३ फेब्रुवारी
पहिल्या फेरीचे रिपोर्ट आले. सुंदर! पेशंट एकीकडे, ठणठणीत एकीकडे. फक्त एक सोडून. कंट्रोल नंबर सात. क्रिएटिनिन एक पूर्णांक सात. हा रक्तातला कचरा, किडनीनं बाहेर टाकायचा असतो. ठणठणीत माणसात तो एकच्या आसपास राहतो. लघवीतून प्रथिनंही चाललीत, लघवीला फेस येत असणार. हा सात नंबर ठणठणीत असेल तर मी शंभर मीटर धावतो.

बाई म्हणाल्या, सर, हे कुणीतरी आपल्यातलंच माणूस आहे, त्याला माहीतसुद्धा नसेल. पाकीट उघडून सांगू या. आत्ता औषध सुरू केलं तर किडनी वाचते. मला शिकवतायत! मी म्हटलं, पाकीट उघडणार नाही. अभ्यासाच्या नियमांत तसं कलम धाकट्यानं सुरुवातीलाच घुसडलं होतं, रिपोर्ट वाईट आला तर त्या माणसाला कळवा म्हणून. मीच ते खोडायला लावलं. एकासाठी उघडलं की वीस जणांसाठी उघडावं लागतं. आणि मुळात ही चूक लॅबची. नळ्या बदलल्या असणार.

 बाई गप्प बसल्या तरी त्यांचं तोंड बोलत असतं.

१८ फेब्रुवारी
बूट आणले. माझा नंबर आठ, गेली तीस वर्षं. पाय आत जाईना. कंपन्या हल्ली नंबर चुकीचे छापतात. नऊ आणला. तोही संध्याकाळी चावतो. चालणं पुढे ढकललं.

२ मार्च
बाईंना मेमो दिला. निष्काळजीपणे नमुने हाताळणे. बावीस वर्षांत पहिला, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कधीतरी पहिला असतोच. सही करून त्यांनी तो आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. क्षणभर वाईट वाटलं. मग पेपर आठवला.

१९ मार्च
हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला तक्रार अर्ज लिहिला. आमच्या मजल्यावरच्या संडासात साफसफाईवाले भरमसाट साबण ओततात. वापरलं की कमोडमध्ये फेसच फेस, दोनदा फ्लश केला तरी जात नाही. महिनाभर बघतोय.

उत्तर आलं: गेले सहा आठवडे साबण संपलेला आहे. हे लोक तोंडावर खोटं बोलतात.

२८ मार्च
घरीही फेस. हिला म्हटलं, साबण कमी टाक. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, तुम्ही किडनीचेच डॉक्टर ना? मी म्हटलं, म्हणूनच सांगतोय, पाणी वाया जातं.

११ एप्रिल
पेशंटांसाठी पत्रक लिहिलं, 'वेदनाशामक गोळ्या आणि तुमची किडनी'. अगदी सोप्या भाषेत, ठासून. सलग तीन तास बसलो. डोकं भयंकर चढलं. दोन गोळ्या घेऊन पूर्ण केलं.

९ मे
दुसरी फेरी. सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं. माझंही. बाईंनी सुई इतकी हलकेच टोचली की कळलंही नाही. रागावलेल्या माणसाचा हात इतका हलका कसा, कोण जाणे. पट्टा सोडताना म्हणाल्या, सर, एकदा बीपी बघते, दोन मिनिटं बसा. मी म्हटलं, बाई, आपापलं काम करा.

२४ मे
सात नंबर: दोन पूर्णांक तीन. वाढलं! म्हणजे नळ्या बदललेल्या नव्हत्या. हे मी मान्य करतो, मी काही अडेलतट्टू नाही. पण मेमो आता मागे घेता येत नाही, प्रशासनाकडे गेलाय.

मग तिढा सुटला: सात नंबर हा खोटारडा आहे. आपलं बीपी लपवून, ठणठणीत म्हणून फॉर्म भरून आत घुसलाय. का? सात नंबरला बघायचंच नसेल, दुसरं काय. अशी माणसं असतात. डोळ्यांवर कातडं ओढून बसतात.

२७ मे
बाईंचा लेखी अर्ज. क्रमांक सातची तब्येत झपाट्यानं बिघडतेय, कृपया त्या व्यक्तीस कळवावे. ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर उघडलाच होता म्हणून मूठभर खारे शेंगदाणे तोंडात टाकले. मिठाचा संकल्प जेवणापुरता आहे, हे त्या वेळी लिहायचं राहिलं.

५ जून
पाकीट न उघडता सात नंबर शोधून काढायचा. पस्तीस वर्षं किडनीचे पेशंट बघतोय, चेहरा बघून सांगू शकतो. डोळ्यांखाली सूज, चिडका स्वभाव, धाप.

संशयित: स्टोअरकीपर. जाडा, बारीकसारीक गोष्टींवरून खेकसतो, दोन जिने चढला की कठडा धरतो. आज कँटीनमध्ये त्याच्या पुढ्यातली मिठाची बाटली उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली. तो आ वासून बघत राहिला. त्याला चार शब्द सुनावले, आजार लपवणं हा समाजाविरुद्ध गुन्हा आहे. आवाज जरा चढला. बोलून परत आलो तेव्हा जिन्यात मलाच धाप लागली होती. कँटीन तळमजल्यावर, त्याचं हे असं होतं.

१२ जून
स्टोअरकीपरनं बाहेरून तपासण्या करून आणल्या आणि माझ्या टेबलावर आपटल्या. सगळं नॉर्मल. बीपी एकशेवीस/अठ्ठ्याहत्तर. वर म्हणाला, सर, तुमचे डोळे सुजलेत, झोप होत नाही का? उर्मट माणूस.

३० जुलै
मोठ्या परिषदेचं पत्र आलं! माझं भाषण, मुख्य सभागृहात, वीस मिनिटं. फोटो मागितलाय. धाकट्याला मुद्दाम जाऊन पत्र दाखवलं. त्याच्या पोटात दुखेल असं वाटलं होतं. तो उठून उभा राहिला, म्हणाला, सर, तुमचंच होतं हे. वरून पुन्हा म्हणाला, सर, बरे आहात ना, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. सहन होत नाही एकेकाला.

फोटो जुना पाठवला.

१० सप्टेंबर
तिसरी फेरी. रक्त दिलं. या वेळी बाईंनी बीपीचं विचारलं नाही.

२२ सप्टेंबर
सात नंबर: तीन पूर्णांक चार.

आकडेवाले, म्हणजे आमचं गणित बघणारे गृहस्थ, कागद घेऊन आले. म्हणाले, या एका सातमुळे सगळा निकाल ढेपाळतोय. मी म्हटलं, काढून टाका. म्हणाले, असा नाही काढता येत. कारण लेखी द्यावं लागेल, कमिटीसमोर पाकीट उघडून त्याचा फॉर्म तपासावा लागेल. मी म्हटलं, खुशाल उघडा! हेच तर हवंय मला. त्याचं थोबाड सगळ्यांना दिसू दे.

२३ सप्टेंबर
पत्र लिहिलं. झकास उतरलं. मुद्दाम इथं उतरवतो:

'क्रमांक सात ही व्यक्ती अत्यंत बेजबाबदार आहे. तिने स्वतःचा आजार लपवून खोटा फॉर्म भरला व एका प्रामाणिक अभ्यासाची माती केली. अशा व्यक्तीच्या शब्दावर यापुढे कोणत्याही संशोधनात विश्वास ठेवला जाऊ नये.'

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, फार कडक आहे. मी म्हटलं, कडकच हवं.

२७ सप्टेंबर
दुपारी तीन. कमिटी. पाच जण, बाई आणि मी. धाकट्यानं माझं पत्र मोठ्यानं वाचलं. मग पाकीट फोडलं. यादीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

मी म्हटलं, वाच ना.

त्यानं वाचलं नाही. यादीची घडी घातली आणि बाकीच्यांना म्हणाला, जरा चहा घेऊन या. सगळे उठले. बाई सगळ्यांत शेवटी गेल्या, दार हळूच लावून. मला तेव्हाही कळलं नव्हतं. मला वाटलं, धाकटा आपल्या कुणाला तरी पाठीशी घालतोय.

मग त्यानं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. बीपी: नॉर्मल. खाली सही, आणि त्याखाली तीच सही.

त्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधला. नव्हता. तेच जास्त लागलं. असता तर भांडता तरी आलं असतं.

३ ऑक्टोबर
धाकट्याच्या ओपीडीत नंबर लावला. त्यानं सरळ सांगितलं, लपवलं नाही. फेब्रुवारीत औषधं सुरू केली असती तर बरीचशी किडनी राखता आली असती. आता जेमतेम एक पंचमांश राहिलीय. गोळ्या बंद, मीठ बंद, आणि वर्ष दोन वर्षांत डायलिसिसची तयारी. हे वाक्य मी हजार लोकांना सांगितलंय. ऐकायला इतकं लांबलचक आहे हे माहीत नव्हतं.

त्या खोडलेल्या कलमाबद्दल तो एकदाही बोलला नाही.

खाली रक्त द्यायला गेलो. बाईंच्या टेबलावर अजून तोच मेमो काचेखाली. मी म्हटलं, बाई, तो काढा. त्या म्हणाल्या, सर, मूठ घट्ट धरा.

८ ऑक्टोबर
आकडेवाले आले होते. सात नंबर काढल्यावर निकाल उत्तम आला. म्हणजे माझं म्हणणं पहिल्यापासून बरोबरच होतं.

परिषदेत धाकटा बोलणार. फोटो त्याचा.

९ ऑक्टोबर, सकाळी
१८६/११२. हिनं विचारायच्या आधीच मी म्हटलं, मशीन बरोबर आहे.

 हिनं स्वयंपाकघरातल्या कपाटातून एक वही काढली आणि आकडा लिहिला. मी विचारलं, ही कसली वही. ही म्हणाली, तुम्हीच म्हणाला होतात ना, रोज मोज.

वही घेऊन चाळली. वीस जानेवारीपासून. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, पायांची सूज, किती गोळ्या घेतल्या. एकही दिवस गाळलेला नाही. मधे मधे पेन्सिलीनं: 'आज सांगितलं. रागावले.'

बावीस फेब्रुवारीपासून रोज खाली रेघ मारून लिहिलंय: 'आज सांगितलं नाही.'

इतका नीट डेटा माझ्या विभागात कुणी ठेवलेला नाही. मीसुद्धा नाही.