वर्तुळात बसण्याचे गुण

३ जून, सोमवार
वस्तीतल्या बालवाडीचं मूल्यमापन सुरू. मोलमजुरी करणाऱ्यांची बावीस मुलं, एक बाई, एक खोली. माझ्याकडे चाळीस कलमांचा फॉर्म. पाच दिवसांत या मुलांचं भविष्य मार्गी लावतो.

४ जून
मुलं भिंतींना चिकटून बसतात. मधली जागा रिकामी. कलम सात : 'मुले वर्तुळात बसतात.' बाईंना सुनावलं. त्या म्हणाल्या, साहेब, वर बघा, तीन अर्ज दिलेत. फॉर्ममध्ये छताचं कलम नाही. ज्याचं काम त्यानं करावं.

५ जून
एकाग्रता चाचणी. मी गोष्ट सांगत होतो आणि बावीसच्या बावीस मुलं छताकडे बघत होती. गुण शून्य. गोष्ट उत्तम होती.
दोन वेण्यांची एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, काका, तिथं बसू नका, ती भेग रोज वाढते. नोंद केली : 'वाक्य पूर्ण. आशय असंबद्ध.'
घरी बायकोनं विचारलं, तू वर पाहिलंस का? तिला संशोधनातलं काही कळत नाही.

६ जून
फॉर्मवर सारखी पांढरी पूड पडत होती. खडूची असणार. बालवाडीत फळाच नाही, हे संध्याकाळी आठवलं.
वर्तुळाला बाईंचा पुन्हा नकार. नाचता येईना अंगण वाकडं. इथे छत वाकडं. रिपोर्ट पाठवून दिला : बाई बदलाव्यात. जरा वाईट वाटलं, पण मुलांच्या भल्यासाठी कठोर व्हावंच लागतं.

७ जून, सकाळी ९.४०
शेवटचा दिवस. आज वर्तुळ करूनच दाखवणार होतो. बाई सगळ्यांना घेऊन बाहेर गेल्या. मी एकटाच मधोमध खुर्ची टाकून बसलोय. मुलं लांबून बघतायत. वर काहीतरी कुरकुरतंय. उंदीर असावेत.

१० जून
दवाखाना. डाव्या हाताने लिहितोय, उजवा मोडलाय. ढिगाऱ्यातून बाईंनीच ओढून काढलं म्हणे.
आज त्या भेटायला आल्या. दोन वेण्यावालीही होती. तिनं आधी इथलं छत नीट न्याहाळलं, मगच खाटेजवळ आली. म्हणाली, काका, हे चांगलंय. मला रडूच आलं.
बाई म्हणाल्या, नव्या खोलीसाठी आता तुम्हीच लिहा साहेब, तुमचं ऐकतील. ऑफिसचा फोन सकाळीच आला होता. रिपोर्ट मंजूर. बाईंना कामावरून कमी केलं.
सांगायचं राहून गेलं. उद्या नक्की सांगतो.